उत्खनन लोकांपर्यंत नेताना : पहिल्या बैठकीपासून खड्डे बुजवण्यापर्यंत सार्वजनिक कार्यक्रमांची आखणी

उत्खननाच्या जागेभोवती दोरी बांधली की दोरीबाहेर जमलेल्या माणसांचा पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच असतो : आत काही सोनेनाणे निघाले का? या प्रश्नावर हसून पुढे जाणे सोपे आहे. परंतु ज्यांच्या शेताखाली, रस्त्याखाली किंवा घराच्या परसाखाली आपण खणत आहोत, त्यांना आत काय चालले आहे हे कोणी सांगितलेलेच नसेल, तर त्यांनी दुसरे काय विचारावे? जे सांगितले जात नाही त्याची जागा अफवा घेते, आणि अफवेच्या मागोमाग रात्री कुदळ-फावडे घेऊन येणारे येतात. म्हणून सार्वजनिक कार्यक्रम हे हंगाम संपताना उरकण्याचे काम मानू नये. खड्ड्यांच्या आराखड्याबरोबर, त्याच वेळापत्रकात आणि त्याच अंदाजपत्रकात त्यांची आखणी व्हावी. पुढील मार्गदर्शन उत्खनन संचालकांसाठी आहे, तसेच पथकातील विद्यार्थ्यांसाठी आणि अशा कामात हातभार लावू इच्छिणाऱ्या स्थानिक मंडळांसाठीही आहे.

काम सुरू होण्याआधी : कोणाशी बोलायचे आणि काय बोलायचे

परवानगीचे कागद हाती येण्याची वाट पाहत असतानाच परिसरातील माणसांची एक यादी करायला घ्यावी. जमिनीचे मालक, तिथे प्रत्यक्ष कसणारे किंवा राहणारे, शेजारचे जमीनधारक, शिक्षक, स्थानिक प्रशासनाचे प्रतिनिधी, त्या जागेशी श्रद्धेचे नाते असलेले लोक आणि परिसराच्या इतिहासाची हौसेने टिपणे ठेवणारे, एवढी नावे सहज सुचतात. ज्यांना अशा बैठकांना सहसा कोणी बोलावत नाही त्यांची नावे मात्र मुद्दाम शोधावी लागतात : भूमिहीन मजूर, वस्तीच्या कडेला राहणारी कुटुंबे, कामाच्या वेळांमुळे येऊ न शकणाऱ्या स्त्रिया. एकाच वजनदार व्यक्तीमार्फत सगळ्या परिसराशी बोलण्याचा मोह टाळावा. प्रत्येक वस्तीत गट असतात, आणि उत्खनन एका गटाचे झाले की दुसऱ्या गटाला ते परके वाटू लागते.

पहिली बैठक कुदळ लावण्यापूर्वी व्हावी आणि तिच्यात पुरातत्त्वावरचे व्याख्यान शक्यतो देऊच नये. लोकांना त्या दिवशी वेगळ्याच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. जमीन कायमची ताब्यात जाईल का, नुकसान झाले तर भरपाई कोण देईल, रस्ता किती दिवस बंद राहील, निघालेल्या वस्तू कुठे नेल्या जातील, मजुरी किती मिळेल आणि कामावर कोणाला घेतले जाईल, शेवटी खड्डे कोण बुजवेल. या प्रश्नांची उत्तरे आधी पथकात बसून पक्की करावीत, साध्या भाषेत एका पानावर उतरवावीत आणि ते पान बैठकीत वाटावे. जे ठरलेले नाही त्याला ‘अजून ठरलेले नाही’ असेच म्हणावे आणि कधी ठरेल तेही सांगावे.

पहिल्या बैठकीत दिलेली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे वस्तुसंग्रहालयाचे किंवा पर्यटनाचे आश्वासन. तमिळनाडूतील कीळडी येथे २०१४-१५ मध्ये उत्खनन सुरू झाले, तेथील प्राचीन वसाहतीने सर्वसामान्य लोकांचे विलक्षण लक्ष वेधले, आणि तरीही स्थळाजवळचे वस्तुसंग्रहालय मार्च २०२३ मध्ये खुले झाले. असे निर्णय शासनाच्या पातळीवर होतात आणि त्यांना वर्षे लागतात. पथकप्रमुखाच्या तोंडून उत्साहाच्या भरात गेलेला एक शब्द पुढच्या प्रत्येक हंगामात परत समोर येतो, आणि त्याने गमावलेला विश्वास कोणत्याही कार्यक्रमाने भरून निघत नाही.

खणणारे हातच सांगणारे व्हावेत

स्थानिक मजुरांना कामावर घेतले म्हणजे लोकसहभाग झाला असे अहवालांत लिहिले जाते, पण ते खरे नाही. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला आपण कशासाठी उपसतो आहोत हे माहीत नसेल, तर संध्याकाळी घरी गेल्यावर तो काय सांगणार? कामाच्या सुरुवातीला रोज दहा मिनिटे सगळ्यांना खड्ड्याच्या काठावर एकत्र आणावे. काल काय दिसले, आज कोणता थर उतरवायचा आहे, त्यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेल असे वाटते, हे सांगावे आणि त्यांचे मतही विचारावे. मातीचा पोत, ओल आणि रंग यांतला सूक्ष्म फरक ज्याने आयुष्य मातीत काढले आहे त्याला पथकातल्या पदवीधराच्या आधी कळतो, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो.

हे कौशल्य पिढ्यान्पिढ्या टिकू शकते. इजिप्तमध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९३-९४ मध्ये कुफ्त येथे उत्खनन करताना तिथल्या रहिवाशांना प्रशिक्षण दिले. पुढे ‘कुफ्ती’ हे नाव कुशल उत्खनन कामगारांची ओळख बनले आणि त्यांचे वंशज शतकभरानंतरही हे काम करीत आले. आपल्या पथकातही असे दोन-चार जण हेरावेत आणि खुल्या दिवशी पाहुण्यांना माहिती देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. त्यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी, कारण माहिती सांगणे हे श्रमाचेच काम आहे. शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेली, खड्ड्यात सापडलेल्या चुलीची गोष्ट आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने सांगितलेली तीच गोष्ट यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने फार अंतर असते. पहिली ऐकताना त्याला आपणही हे समजू शकतो असे वाटते. माहिती देणाऱ्या या कामगारांना पाठ करायला मजकूर मात्र देऊ नये. चार ठळक मुद्दे आणि दोन टाळायच्या गोष्टी एवढे पुरेसे आहे.

पाहण्याची वाट आणि सुरक्षितता

खुला दिवस हंगामाच्या साधारण दोन-तृतीयांश टप्प्यावर ठेवावा. त्या आधी दाखवण्याजोगे फारसे नसते आणि शेवटच्या आठवड्यात पथक नोंदी पुऱ्या करण्याच्या धावपळीत असते. तारीख ठरवताना परिसराच्या कामाचा हंगाम, परीक्षा आणि बाजाराचा दिवस विचारात घ्यावा आणि ही चौकशी आधीच्या यादीतील माणसांकडेच करावी.

पाहुण्यांची वाट एकाच दिशेने जाणारी असावी, म्हणजे येणारे आणि जाणारे काठावर समोरासमोर येत नाहीत. खड्ड्याच्या काठापासून किमान दीड मीटरवर दोरी किंवा कठडा असावा. दोन खड्ड्यांमध्ये न खणता राखलेल्या बांधावर पाहुण्यांना कधीही उभे करू नये, कारण तो बांध खचला तर माणूस जखमी होतो आणि थरांचा उभा छेद, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीत एकावर एक दिसणारे मातीचे थर, हेही कायमचे नष्ट होतात. खोलीबाबत आपल्या देशाचे नियम तपासावेत. उदाहरणार्थ, अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमांनुसार पाच फूट किंवा त्याहून खोल खड्ड्याच्या बाजूंना, तो पक्क्या खडकात नसेल तर, आधार द्यावा लागतो किंवा उतार काढावा लागतो, आणि उपसलेली माती काठापासून किमान दोन फूट दूर ठेवावी लागते. खोल खड्डा पाहुण्यांच्या वाटेतून वगळून त्याची मोठी छायाचित्रे लावणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी आणि चालण्यास अडचण असलेल्यांना बसून पाहता येईल अशी एक तरी जागा, ही तयारी आदल्या दिवशी पूर्ण असावी.

एका मार्गदर्शकाबरोबर बारा ते पंधरा जणांपेक्षा मोठा गट नसावा. मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू येईनासे झाले की तो दोरी ओलांडतो. गर्दी अपेक्षेच्या कितीतरी पट होऊ शकते हेही गृहीत धरावे. लंडनमध्ये सप्टेंबर १९५४ मध्ये वॉलब्रुक येथे रोमनकालीन मंदिराच्या अवशेषांत मिथ्रस देवतेचे संगमरवरी मस्तक सापडले, वृत्तपत्रांत छायाचित्र आले आणि बांधकामाच्या त्या जागेवर हजारो लोकांच्या रांगा लागल्या. अशी वेळ आली तर प्रवेश कोणी थांबवायचा, रांग कुठून वळवायची आणि उरलेल्यांना दुसरा कोणता दिवस द्यायचा, हे आधीच ठरलेले असावे.

खुल्या दिवशी काय दाखवावे

वस्तूंनी भरलेले टेबल प्रवेशापाशी मांडले की लोक तिथेच घुटमळतात आणि खड्ड्याकडे जातच नाहीत. म्हणून टेबल वाटेच्या शेवटी ठेवावे. सुरुवात प्रश्नाने करावी : आम्ही इथेच का खणले? पृष्ठभागावर विखुरलेली खापरे, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीने बनलेल्या टेकाडाचा उंचवटा, जुना नकाशा, उपग्रहाच्या छायाचित्रातील खुणा, यांपैकी ज्या कशामुळे ही जागा निवडली ते एका मोठ्या फलकावर दाखवावे.

दुसरा थांबा उभ्या छेदापाशी असावा आणि माझ्या मते साऱ्या भेटीतला हाच सर्वांत मोलाचा थांबा आहे. उन्हात सुकलेला छेद एकसारखा धुळकट दिसतो. गट येण्याच्या थोडे आधी त्यावर फवाऱ्याने हलके पाणी मारले की थरांचे रंग उठून येतात. राखेचा करडा पट्टा, त्याखाली चोपून केलेली पिवळसर जमीन, तिच्यातून खाली गेलेला, पूर्वी खांब रोवलेल्या खळग्याचा काळा डाग. मग पाहुण्यांना विचारावे, यातले आधी काय झाले असेल? खळगा जमीन कापून जातो, म्हणजे तो जमिनीनंतरचा, हे कोणीतरी स्वतःच बोलून दाखवतो, आणि त्या क्षणी तो माणूस पुरातत्त्वज्ञासारखा विचार करू लागलेला असतो. जी वस्तू थरातून नोंद न करता उपटली जाते ती का मुकी होते, हे सांगण्याची जागाही हीच. लूट थांबवण्याचे आवाहन फलकावर लिहिण्यापेक्षा इथे दोन वाक्यांत जास्त पोचते.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात अ‍ॅनापोलिस येथे पुरातत्त्वज्ञ मार्क लिओन यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने उत्खननस्थळावरील मार्गदर्शनात याच गोष्टीवर भर दिला होता : काय सापडले याबरोबर ते आम्हाला कसे कळले, हेही पाहुण्यांपुढे मांडायचे, म्हणजे त्यांना आमच्या निष्कर्षाला प्रश्न विचारता येतील. हा दृष्टिकोन प्रत्येक पथकाने उचलावा असा आहे. ‘हा राजवाडा असावा’ असे सांगायचे असेल तर ‘असावा’ का आणि ‘आहे’ का नाही, हे त्याच वाक्याला जोडून सांगावे.

चाललेले काम दिसणे महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील यॉर्क शहरात कॉपरगेट येथे १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन सुरू असताना ते लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवले होते आणि पाच लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. त्याच जागी १९८४ मध्ये योर्विक हे व्हायकिंग काळावरील केंद्र सुरू झाले. तेव्हा खुल्या दिवशी निदान एका खड्ड्यात खरे काम चालू ठेवावे. ब्रशने साफसफाईचा देखावा करू नये. मोजमाप, रेखाटन, चिठ्ठी लिहून पिशवीत घालणे, हे संथ वाटणारे कामच दाखवावे.

हाताला काम देणारे उपक्रम

वस्तूंच्या टेबलावर दोन भाग करावेत. पहिल्यात नोंद झालेल्या वस्तू झाकणाच्या ट्रेमध्ये, फक्त पाहण्यासाठी. दुसऱ्यात पृष्ठभागावरून गोळा केलेली किंवा विस्कटलेल्या मातीतली खापरे, हाताळण्यासाठी. कालमापनासाठी, प्राचीन डीएनएसाठी किंवा भांड्यात मुरलेल्या स्निग्ध अंशांच्या तपासणीसाठी राखलेले नमुने त्या टेबलाजवळही आणू नयेत, कारण उघड्या हाताचा स्पर्श त्यांना दूषित करतो.

हाताळण्यासाठी मडक्याच्या बुडाचा एखादा तुकडा द्यावा आणि लगेच काही सांगू नये. बाहेरच्या अंगाला काजळी दिसते, म्हणजे ते चुलीवर चढत होते. आतल्या अंगाला बोटांच्या समांतर रेघा लागतात, म्हणजे ते चाकावर घडले. तुटलेल्या कडेकडे पाहिले तर मध्ये काळा गाभा आणि दोन्ही बाजूंना तांबूस पट्टे दिसतात, म्हणजे भाजताना आतपर्यंत हवा आणि उष्णता पुरेशी पोचली नव्हती. एका खापरावर दहा मिनिटे बोलणे होते आणि ऐकणाऱ्याला सोन्याची आठवणही राहत नाही.

माती पाण्यात कालवून जळके दाणे वर आणण्याची प्रक्रिया मुलांना आणि मोठ्यांना सारखीच खिळवून ठेवते. पिंपातल्या पाण्यात मातीचा नमुना सोडून ढवळला की कोळसा झालेली बियाणी तरंगतात आणि बारीक जाळीत गोळा होतात. हजारो वर्षांपूर्वी चुलीजवळ सांडलेला दाणा डोळ्यांसमोर वर येताना पाहणे ही साधी गोष्ट नाही. हे प्रात्यक्षिक पथकातील जाणकारानेच करावे आणि नमुन्याची नोंद नेहमीप्रमाणे ठेवावी.

मुलांसाठी वाळूत वस्तू पुरून त्या शोधायला लावण्याचा खेळ सर्रास घेतला जातो. त्यातून शोध म्हणजे वस्तू बाहेर काढणे असेच मनावर ठसते, म्हणून तो मला पटत नाही. त्याऐवजी तीन रंगांच्या मातीचे थर भरलेली पेटी ठेवावी, प्रत्येक थर उतरवण्याआधी मुलांनी आलेख कागदावर त्याचे चित्र काढावे आणि शेवटी थरांचा क्रम सांगावा. मोठ्या मुलांना उपसलेली माती पुन्हा चाळण्याचे खरे काम देता येते, कारण निसटलेले मणी आणि बारीक हाडे त्यातूनच मिळतात. खापरे धुणेही चालते, फक्त रंगकाम असलेली आणि भुसभुशीत खापरे आधी बाजूला काढावीत.

लोक जे घेऊन येतात

कार्यक्रमात एक टेबल लोकांच्या वस्तूंसाठी राखावे. घरात जपलेले नाणे, नांगरताना लागलेला मणी, जुने छायाचित्र, असे काहीही लोक आणतात. प्रत्येक वस्तूचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, ती कुठे मिळाली हे नकाशावर खुणावे आणि कशाची असू शकते ते सांगावे. किंमत कधीही सांगू नये आणि वस्तू विकतही घेऊ नये. बाजारभावाचा एक उच्चार झाला की दुसऱ्या दिवशी खणणे सुरू होते. पुरावस्तूंबाबतचा कायदा काय आहे, नोंदणी कुठे करायची, हे धाक न घालता समजावून द्यावे, कारण आणणाऱ्याला आपण अडकलो असे वाटले तर पुन्हा कोणीच काही आणणार नाही.

वस्तूंइतक्याच मोलाच्या आठवणी असतात. शेतांची जुनी नावे, बुजलेल्या विहिरी, मोडलेली पायवाट, पुरात पाणी कुठवर आले होते, या माहितीने पुढच्या हंगामातल्या खड्ड्याची जागा बदलू शकते. ज्येष्ठांशी शांत जागी बसून, संमती घेऊन ध्वनिमुद्रण करावे, आणि त्याची प्रत त्यांच्या कुटुंबाला द्यावी. कोणाच्या सांगण्यावरून आराखड्यात बदल झाला तर ते उत्खननाच्या नोंदवहीत नावानिशी लिहावे, अर्थात त्यांची हरकत नसेल तरच.

मानवी अवशेष मिळाले तर

याचा निर्णय अवशेष मिळाल्यावर घेणे म्हणजे उशीर झाला. दाखवायचे की झाकायचे, छायाचित्रे घेऊ द्यायची का, पुढे दफन व्हावे का आणि कोणाच्या विधीने, या गोष्टी पहिल्या बैठकींतच विचाराव्यात. जागतिक पुरातत्त्व परिषदेने १९८९ मध्ये मांडलेल्या व्हर्मिलियन करारात मृतांविषयी, त्यांच्या स्थानिक समाजाच्या आणि वंशजांच्या इच्छेविषयी आदर राखण्याचे तत्त्व आहे.

हे न पाळल्यास काय होते ते न्यूयॉर्कमध्ये दिसले. १९९१ मध्ये मॅनहॅटनमधील सरकारी इमारतीच्या जागेवर आफ्रिकी वंशाच्या लोकांची अठराव्या शतकातील दफनभूमी उघडी झाली. वंशज समाजाला विश्वासात न घेता काम पुढे रेटले गेल्याने तीव्र आंदोलन झाले आणि १९९२ मध्ये उत्खनन थांबवावे लागले. त्यानंतर संशोधन हॉवर्ड विद्यापीठाकडे आले, संशोधनाचे प्रश्न ठरवण्यात वंशज समाजाला स्थान मिळाले, चारशेहून अधिक व्यक्तींचे अवशेष ऑक्टोबर २००३ मध्ये सन्मानाने पुन्हा दफन झाले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. समाजाशी बोलल्याने संशोधन आटले नाही. ही माणसे कुठून आली, त्यांनी कसे श्रम केले, हे प्रश्न त्या संवादामुळेच अधिक नेमके झाले.

बातमी देताना

प्रसिद्धीसाठी एकच प्रवक्ता नेमावा आणि पहिली माहिती बाहेरच्या पत्रकारांआधी परिसरातील लोकांना मिळेल असे पाहावे. धातूच्या किंवा विशेष वस्तूची बातमी, ती वस्तू सुरक्षित हलवून झाल्यावरच द्यावी. छायाचित्रांत स्थानाचे नेमके निर्देशांक राहिलेले नाहीत ना, हे तपासावे. कार्यक्रमाच्या रात्री आणि पुढच्या काही रात्री राखण वाढवावी. ‘सर्वांत जुने’, ‘जगात पहिले’ असे शब्द पथकाने स्वतः वापरू नयेत, कारण प्रयोगशाळेचा निकाल वेगळा आला तर खुलासा ऐकायला कोणी थांबलेले नसते.

हंगाम संपल्यानंतर

खड्डे बुजवताना लोकांना वाईट वाटते. इतके कष्ट करून पुन्हा झाकायचे कशाला, असे ते विचारतात, आणि काही जणांना काहीतरी लपवले जात असल्याचा संशयही येतो. म्हणून बुजवण्याचा दिवसही जाहीर करावा. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती पाऊस, ऊन आणि मुळे यांनी लवकर ढासळतात, म्हणून त्यांवर कापडाचा थर अंथरून वर माती टाकली जाते आणि तो थर पुढच्या उत्खनकाला आपण कुठवर गेलो होतो ते दाखवतो, हे लोकांसमोर करून दाखवावे.

यशाचे मोजमाप डोकी मोजून करू नये. येताना आणि जाताना थोड्या पाहुण्यांना एकच प्रश्न विचारावा : इथे काय शोधत आहेत असे तुम्हाला वाटते? दोन्ही वेळच्या उत्तरांतला फरक पुढच्या कार्यक्रमात काय बदलायचे ते सांगतो. मार्गदर्शकांनीही लोकांनी विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी लिहून काढावेत. दोनदा आलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या फलकावर असलेच पाहिजे.

संपूर्ण अहवालाला वर्षे लागतात, तोवर परिसराने वाट पाहू नये. हंगामानंतर सहा महिन्यांच्या आत चार पानांची, स्थानिक भाषेतली, चित्रांसह सचित्र टिपणी छापावी. काय विचारले होते, काय कळले, काय कळले नाही, कोणते नमुने कोणत्या तपासणीला गेले, वस्तू सध्या कोणत्या संस्थेच्या ताब्यात आहेत आणि त्या पाहायच्या असतील तर कोणाकडे अर्ज करायचा, एवढे तिच्यात असावे. सोबत कामगारांची नावे त्यांच्या संमतीने छापावीत. टिपणी टपालाने पाठवून न देता पथकातील निदान दोघांनी स्वतः जाऊन बैठक घ्यावी, तीही पहिल्या बैठकीला आलेल्यांना बोलावून, आणि तेव्हा वाटलेले प्रश्नोत्तरांचे पान बरोबर न्यावे. त्यातले जे पूर्ण झाले नाही त्याचे कारण आणि नवी तारीख त्याच बैठकीत द्यावी, आणि शाळेत व ग्रंथालयात नकाशे, छायाचित्रे व मुलाखतींच्या प्रती ठेवून त्या कोणाच्या जबाबदारीवर आहेत ते लिहून द्यावे.